चौथा पर्याय

त्या मुलीच्या नावापुढे टॅबवर कासव आलं, आणि ते तिथे यायला मी कारणीभूत होते. हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी बऱ्याच जणांवर रागावणार आहे आणि त्यांत पहिला नंबर माझा आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा मोहाडी तालुक्यात, करडीच्या थोडं अलीकडे, सातवीपर्यंतची. मी पाचवीला शिकवत होते, आणि एक जागा रिकामी असल्यामुळे चौथीलाही. टाळेबंदीत मोबाइलवर शाळा चालवून झाली होती. चालवली म्हणजे काय, फोन बापाच्या खिशात, बाप धानाच्या बांधीवर, म्हणजे शेतात, आणि पोरं घरी. मग शाळा उघडल्या, आणि बुडालेला अभ्यास ऑनलाइनच भरून काढावा असं कुणाच्या तरी मनात आलं. एका संस्थेने तालुक्यातल्या काही शाळांना टॅब द्यायचं ठरवलं. नुसते टॅब नव्हेत. त्यात एक असा कार्यक्रम होता जो प्रत्येक मुलाचा स्वभाव ओळखणार, आवडनिवड ओळखणार आणि ज्याला जसं रुचतं तसं त्याला शिकवणार.

कल्पना वाईट नव्हती. एकोणीस पोरांना एकाच खडूने हाकणं कसं असतं ते मला कुणी सांगायची गरज नाही. एकाला पहिल्यांदाच कळलेलं असतं, तो बाकावर बसून बाजूच्याला चिमटे काढतो. दुसऱ्याला तिसऱ्यांदाही कळत नाही आणि तो मान डोलावतो. त्यामुळे मे महिन्यात मला नागपूरला कार्यशाळेचं बोलावणं आलं, ‘ग्रामीण भागाच्या प्रतिनिधी’ म्हणून, तेव्हा मी आनंदाने गेले.

कार्यशाळा हॉटेलात होती. संस्थेची मंडळी तिशीच्या आतली, पुण्याकडची, बोलायला गोड, कामाला चांगली. हे मुद्दाम सांगते, कारण त्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे आणि ते खरं नाही. पहिल्या दिवशी वेटरने मला विचारलं, चहा की कॉफी. मी म्हटलं, काहीही चालेल. त्याने बिनदुधाची, बिनसाखरेची काळी कॉफी आणून दिली. मी ती शेवटच्या घोटापर्यंत प्याले आणि वर छान आहे असंही म्हटलं. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

आम्हाला बारा प्रश्नांची एक चाचणी मराठीत बसवायची होती. मूल बारा उत्तरं देणार आणि टॅब ठरवणार की हे मूल कोणत्या जातीचं शिकणारं आहे. ‘जात’ हा माझा शब्द, त्यांचा नाही. त्यांनी चार रंग ठेवले होते. निळा म्हणजे विचार करणारा, भगवा म्हणजे धाडसी, हिरवा शांत, पिवळा बोलका. पडद्यावर ते चार रंग बघितले आणि मी हात वर केला. म्हटलं, आमच्या गावात निम्मी घरं छप्पन सालापासून बौद्ध आहेत आणि बाकीची हिंदू. तुमच्या टॅबने एका घरच्या पोराला भगवा दिला आणि दुसऱ्या घरच्याला निळा, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पालक शाळेत येतील, आणि ते स्वभावावर चर्चा करायला येणार नाहीत. हिरव्याबद्दल तर मी बोलतच नाही.

चहाच्या सुट्टीत रंग गेले आणि प्राणी आले. वाघ, मोर, मुंगी, कासव. सगळे माझ्याकडे आदराने बघायला लागले. माणसाकडे कुणी आदराने बघितलं की त्याचं डोकं बंद पडतं, माझं पडलं.

दुसऱ्या दिवशी प्रश्नांवर बसलो. ‘नवीन गोष्ट शिकताना तुला काय आवडतं?’ चित्र बघायला, कुणी सांगितलेलं ऐकायला, की स्वतः करून बघायला. ‘कठीण गणित समोर आलं तर तुला काय करावंसं वाटतं?’ असे बारा. मी म्हटलं, आमच्याकडची मुलं असल्या प्रश्नांना उत्तरंच देणार नाहीत. आमच्याकडे कुणाच्या घरी गेलं आणि बाईने विचारलं, काय करू जेवायला, तर ‘काहीही चालेल’ हेच उत्तर. वांगी नको, अमकं करा, असं सांगणाऱ्याला लाडावलेला म्हणतात, आणि मुलगी असेल तर त्याहून वाईट म्हणतात. तीन पर्याय देऊन तुम्ही त्यांना अवघडून टाकाल. एक चौथा पर्याय ठेवा, ‘काहीही चालेल’. म्हणजे मुलं मोकळी होतील.

त्यांना हे इतकं आवडलं की एका मुलीने टाळ्याच वाजवल्या. बाराही प्रश्नांना चौथा पर्याय लागला. परत येताना मला एक कापडी पिशवी आणि प्रमाणपत्र मिळालं. पिशवी अजून वापरते.

टॅब आले तेव्हा रोवणी, म्हणजे धानाची लावणी, ऐन भरात होती. आठ टॅब, एकोणीस मुलं, त्यातली चार-पाच आयांबरोबर बांधीवर. त्या मुलीची आईही रोवणाऱ्या बायांच्या टोळीतली, गावातली चांगली रोवणारी म्हणून तिला आधी बोलावणं यायचं. बाप तुमसरला राइस मिलमध्ये पोती उचलायला, सोमवारी पहाटे जायचा आणि शनिवारी यायचा. मुलगी बारकी, हाताची नखं कायम चिखलाने काळी, आणि गणितात अशी की मला तिच्यासाठी वेगळी उदाहरणं घरून काढून आणावी लागत. बापाबरोबर एकदा मिलमध्ये गेली होती, तर परत येऊन तिने पोत्यांची थप्पी कशी लावतात ते फळ्यावर काढून दाखवलं आणि खालच्या थरात इतकी असली तर एकूण किती ते तोंडी सांगितलं. शिकवलेलं नव्हतं.

त्या वर्षी ती निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. ती परीक्षा पाचवीत असताना एकदाच देता येते. लागली तर सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं सगळं तिकडे. तिची मोठी बहीण सातवीनंतर घरी बसली होती. मी फॉर्म भरायला आईची सही घ्यायला गेले तेव्हा तिने चिखलाचे हात धुता धुता सगळा हिशेब दोन वाक्यांत मांडला.

“लागली तं शिकन मॅडम. नाही तं सातवी झाली का माह्यासंग रोवणीले.”

हे तिने वाईट मनाने म्हटलं नाही. जसं आहे तसं सांगितलं. म्हणून त्या परीक्षेवर माझं लक्ष होतं, आणि म्हणून जे झालं त्याचा मला अजून राग येतो.

चाचणीच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी उठली. मी टॅब बघितला. बाराच्या बारा उत्तरं चौथी. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, शहाणी आहेस. कारण मला ते शहाणपणच वाटलं. वेळ वाया घालवला नाही, नखरे केले नाहीत. आमच्या शाळेत खिचडीच्या रांगेत कुणी ‘वटाणा नोको’ म्हटलं तर त्याला रागावणारी मीच होते.

टॅबने तिला कासव दिलं. खाली लिहिलं होतं: शांत, सावकाश शिकणारी, प्रेरणेची गरज. वर्गात वाघ पाच निघाले. त्यातल्या दोघांनी प्रश्न न वाचता सगळीकडे पहिलं बटण दाबलं होतं, हे मला नंतर कळलं. मुलांनी लगेच आपापली नावं पाडून घेतली. ती वर्गात यायला मिनिटभर उशीर करायची तर मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणायचं, “अवो कासवे, पोचली का?” ती हसायची. ते पण तिला चालत होतं.

त्यानंतर मी काय केलं? काही नाही. दोन वर्ग, मतदार याद्या, आधार जुळणी, खिचडीच्या तांदळाची नोंद. टॅबवर बसलेली मुलं गप्प असतात, आणि ज्या वर्गात मुलं गप्प असतात तिथे आपोआप शिकणं चाललं आहे असं मास्तरांना वाटतं. दर आठवड्याला तिच्या नावापुढे हिरवी बरोबरची खूण यायची. सगळी उत्तरं बरोबर. मी खूश.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी परीक्षेला बसणाऱ्या तिघांना सराव पेपर दिला. तिने अपूर्णांकांची सगळी उदाहरणं कोरी सोडली. चुकवली नाहीत, सोडली. मी विचारलं, काहून सोडली? ती म्हणाली, “आमच्या कासवाले तो धडा नाही येत जी.”

मी टॅबवर तिचं नाव उघडून मागे मागे जात बघितलं. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत ती हातच्याची बेरीज करत होती. एक कार्टून कासव यायचं, बेरीज विचारायचं, ती उत्तर द्यायची, कासव टाळ्या वाजवायचं. पुन्हा बेरीज. पोत्यांची थप्पी तोंडी मोजणारी मुलगी साडेतीन-चार महिने कासवाच्या टाळ्या घेत बसली होती, आणि मी बाजूच्या खोलीत चौथीची हजेरी घेत होते.

मला आधी वाटलं यंत्र बिघडलं. एवढी उत्तरं बरोबर आल्यावर कोणताही मूर्ख मास्तर पोराला पुढच्या धड्यावर नेतो. मग धड्याच्या शेवटचा पडदा दिसला. प्रत्येक धडा संपला की टॅब विचारत होता, ‘आता तुला काय आवडेल?’ थोडं कठीण, हेच पुन्हा, की गोष्ट बघायची. आणि त्याखाली माझा चौथा पर्याय. तो दाबला की टॅब हेच पुन्हा देत होता. तिने दर वेळी तोच दाबला होता.

मी तिला जरा आवाज चढवूनच म्हटलं, तुले येत होतं ना हे सगळं? मंग कठीण पाहिजे म्हणून काहून नाही दाबलं?

ती टॅबकडे बघत म्हणाली, “आपल्या तोंडानं कसं मांगावं जी?”

तिने जे केलं ते तिच्या आईने शिकवलं होतं, आणि खिचडीच्या रांगेत मी शिकवलं होतं. वाढणाऱ्याला आपल्या ताटाकडे बघायला डोळे आहेत, तो बघेल आणि वाढेल, हा आमच्याकडचा नियम. न मागणाऱ्याला आधी आणि जास्त वाढायचं, ही वाढणाऱ्याची जबाबदारी. त्या नियमाला दोन बाजू आहेत. संस्थेने त्यातली एक उचलली, मी उचलून दिली, आणि दुसऱ्या बाजूला एक असं यंत्र बसवलं ज्याला ताट दिसत नव्हतं. रिकामं ताट समोर असताना ते विचारत होतं, काय वाढू? आणि मुलगी म्हणत होती, काहीही चालेल. चार महिने.

मी संस्थेत फोन लावला. कार्यशाळेत टाळ्या वाजवणारीच मुलगी फोनवर होती. मी सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली की मुलाची निवड हा त्यांच्या कार्यक्रमाचा पाया आहे, मुलावर वरून कठीण लादायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं आहे. मी म्हटलं, ही निवड नाही, ही रीत आहे. ती म्हणाली, पण मॅडम, उत्तर तर तिनेच दिलंय ना. मी म्हटलं, मग तिचा प्राणी तरी बदला. ती म्हणाली, प्रोफाइल वर्षातून एकदाच, जूनमध्ये बदलते. आणि मग, अगदी साध्या आवाजात, टोमणा नव्हे, खरंच आठवून:

“आणि मॅडम, चौथा पर्याय तुम्हीच सुचवला होता ना?”

त्यावर मी फोन ठेवला. खरं ऐकायला लागलं की मी फोन ठेवते.

पण राग गेला नाही, आणि राग कशाचा ते मला सांगितलं पाहिजे. आवडनिवड विचारण्याचा नाही. विचारून मोकळं होण्याचा आहे. मी तुला विचारलं होतं, तू सांगितलं नाहीस, आता जे झालं ते तुझ्या निवडीने झालं, असं म्हणून हात झटकता येतात, त्याचा आहे. यंत्राला तिची बरोबर उत्तरं दिसत होती. शंभरदा दिसत होती. तिने जे करून दाखवलं ते त्याने मोजलं नाही, आणि जे तोंडाने म्हटलं, तेही लाजेने, ते मोजलं. वर त्या महिन्याच्या अहवालात तिच्या नावापुढे लिहून आलं, शिकण्याबाबत उदासीन. कुणाला उदासीन म्हणता? रोवणीच्या दिवसांत सकाळी आईबरोबर रोपांच्या पेंड्या वाहून, पाय धुऊन, दहा वाजता शाळेत हजर असणाऱ्या मुलीला?

आणि त्याच आठवड्यात मला माझा विकल्प आठवला. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा मला नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. मी नाकाडोंगरीकडच्या शाळेत, नवरा तिरोड्याला, लग्न नवं. कर्मचाऱ्यांकडून कागद भरून घेतले होते, कोणता जिल्हा हवा ते लिहा. मी सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, सरकारपुढे तोंड वर करून काय मांगायचं, देतील ते बरं. मी लिहिलं, कोणताही जिल्हा मान्य. ज्यांनी गोंदिया लिहिलं ते गोंदियाला गेले. मी भंडाऱ्यात राहिले, नवरा तिकडे, सात वर्षं. थोरला मुलगा बापाला ‘रविवारवाले बाबा’ म्हणायचा. ही गोष्ट मी लग्नाकार्यात विनोद म्हणून सांगत असे आणि लोक हसत. त्या आठवड्यानंतर मी ती सांगायची बंद केली.

परीक्षेला दोन-सव्वादोन महिने उरले होते. मी एकदा तिच्या नावाने टॅबवर ‘थोडं कठीण’ स्वतः दाबून बघितलं. पडद्यावर कासव आलं आणि म्हणालं, ‘छान चाललास कासवा, घाई नको’, आणि पुन्हा बेरीज दिली. कासवाला आठवड्याला एकच पायरी चढायची मुभा होती. मी टॅब कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. मुख्याध्यापक म्हणाले, वापराचे तास कमी दिसतील, वरून विचारणा होईल. मी म्हटलं, होऊ द्या, माझं नाव सांगा.

अपूर्णांक मी तिला खळ्यावर शिकवले. तेव्हा धान कापून पुंजणे, म्हणजे भाऱ्यांच्या गंज्या, रचले होते. पुंजण्याचा पाव भाग चुरला, म्हणजे मळून झाला, तर उरला किती, उरलेल्याचा तिसरा हिस्सा उद्या चुरला तर परवाला किती राहिला. तिला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ती छेद सारखे करत होती आणि आई बाजूला धान पाखडता पाखडता तिची उत्तरं तपासत होती, कागदाशिवाय, आणि बरोबर तपासत होती. तिला अपूर्णांक हा शब्द माहीत नव्हता, एवढंच.

गणिताचं झालं. माझी धास्ती वेगळी होती. वर्गात मी नवा नियम केला. जो काय पाहिजे ते स्वतःच्या तोंडाने आणि नीट सांगेल त्यालाच मिळेल. खडू, पेन्सिल, पुस्तक, दुसऱ्यांदा खिचडी. ‘काहीही’ म्हणणाऱ्याला काहीच नाही. पहिल्या दिवशी ती बिनपेन्सिलीची बसून राहिली, दिवसभर, तोंडातून शब्द नाही. बाकीची पोरं दोन दिवसांत बिघडली, म्हणजे सुधारली. हिला पाच दिवस लागले. पाचव्या दिवशी टेबलाशी येऊन, माझ्याकडे न बघता, खिडकीला सांगितल्यासारखं म्हणाली, “मले पेन्सिल पाहिजे.” मी विचारलं, कोणती? “टोकदार.” मी टोक काढून दिली. आणखी काय? “कठीण गणित.” ते पण दिलं. चुकवलं तिने, आणि मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत तिला चुकायला कुणी जागाच दिली नव्हती.

परीक्षेचं केंद्र तुमसरला होतं, एका शाळेत. बापाने मिलमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती, डोक्यावर, भुवयांवर कोंडा तसाच. आम्ही दोघं फाटकाबाहेर उभे होतो. मुलं सुटली तेव्हा ती सगळ्यांत शेवटी आली आणि आल्या आल्या म्हणाली, पेपर हिंदीचा भेटला होता.

तिकडे काही मुलं हिंदी माध्यमाची असतात, गठ्ठ्यात सरमिसळ झाली असेल. मी विचारलं, मग?

तिने सांगितलं ते असं. आधी तिला वाटलं, देला तं देला, हाच सोडवावा. सुरुवातीची काही गणितं आकड्यांवरून जमली. मग उतारा आला आणि तो काही केल्या कळेना. दोनदा वाचला, तीनदा वाचला. बाजूची मुलं पानं उलटत होती. तिने हात अर्धा वर केला आणि खाली घेतला. पुन्हा केला. पर्यवेक्षक आले, पेपर बघितला, म्हणाले, “हिंदी तं समजते ना? टीव्ही पाहतेच ना घरी. चालून जाते.”

“मंग तू काय म्हटलं?” बापाने विचारलं.

“नाही चालत जी, म्हटलं.”

बापाने माझ्याकडे बघितलं. पोरीने मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हटलं याचं काय करायचं ते त्याला कळेना. मराठी पेपर शोधून आणायला आणखी वेळ गेला. आधीचा अर्धा तास हिंदी पेपरात गेला होता, त्यात हा. शेवटची अकरा उदाहरणं राहिली. ती तिने येताना वाटेत मला तोंडी सोडवून दाखवली, ऑटोत बसल्या बसल्या. नऊ बरोबर होती.

यादी लागली, तीत तिचं नाव नव्हतं.

मी केंद्रावर लेखी तक्रार दिली. उत्तर आलं की उमेदवाराने पेपर मिळताच सांगायला हवं होतं. बरोबर आहे. उमेदवाराने सांगायला हवं होतं. उमेदवार साडेदहा वर्षांची होती, आणि मागायचं कसं हे तिला येऊन दीड महिना झाला होता. मी ते पत्र फाडलं नाही, फाइलला लावलं. त्याच फाइलला संस्थेला लिहिलेलं माझं पत्र आहे. त्यात मी लिहिलं होतं की चौथा पर्याय काढून टाका. निदान त्याचा अर्थ ‘हेच पुन्हा’ असा लावू नका. मूल बरोबर उत्तरं देत असेल तर त्याला न विचारता पुढे न्या, वाढणाऱ्याने आधी ताट बघावं. त्यांचं उत्तर आलं, आभाराचं. लिहिलं होतं की आमच्या भागातल्या मुलांमध्ये चौथा पर्याय सर्वाधिक पसंतीचा ठरला आहे, म्हणून तो इतर जिल्ह्यांतही घेण्याचा विचार आहे.

त्यानंतर मी त्यांच्या कार्यशाळेला गेले नाही. बोलावणं आलं, दोनदा. दोन्ही वेळा ‘यायचं नाही’ असं लिहून कळवलं, कारण न देता.

मुलगी आमच्याच शाळेत सहावीला गेली, मग सातवीला. सातवीच्या परीक्षा झाल्या आणि उन्हाळ्यात एका दुपारी तिची आई माझ्या घरी आली. भांडायलाच आली होती. पाणी दिलं ते बाजूला ठेवलं.

“मॅडम, तुमी माह्या पोरीले काय शिकवून ठेवलं? मावशीच्या घरी गेली तं म्हणते, मले वांगा नोको. चारचौघांत. माही मान खाली.”

मी म्हटलं, बरं, आणखी?

आणखी होतंच. पोरगी बापाला म्हणाली होती की करडीच्या हायस्कुलात नाव टाका. रोवणीला मी सुट्टीच्या दिवशी येईन, शाळेच्या दिवशी नाही. आणि सायकल पाहिजे. कोणतीही नाही, बहिणीची मोडकी पण नाही, उंच सीटची, कारण तिचे पाय आता लांब झाले.

“मंग बाप काय म्हणाला?” मी विचारलं.

आईने पाण्याचा गिलास उचलला आणि एका दमात रिकामा केला.

“काय म्हणतो? शनिवारी तुमसरवरून घेऊन आला. लाल देत होता दुकानदार. हा म्हणे, थांबा, पोरीले फोनवर विचारून सांगतो.”